यंत्र कसं शिकतं, आणि काय शिकायचं हे कोण ठरवतं?

आज आपण एका प्रदर्शनाबद्दल बोलणार आहोत. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्रपटाची तर दर शुक्रवारी होते. विज्ञान प्रदर्शनाची मात्र कोणी करत नाही. 'मुलांना फार मजा आली' एवढं लिहिलं की आपण मोकळे! पण प्रदर्शनही काही म्हणत असतं आणि काही वगळत असतं. म्हणून त्याचीही समीक्षा व्हायला हवी, असं आम्हाला वाटतं.

या प्रदर्शनाचं नाव 'आय अ‍ॅम ए.आय.'. ते तयार केलं जर्मनीतल्या 'इमॅजिनरी' या ना-नफा संस्थेनं. तिचं मूळ ओबरवोल्फाखच्या गणित संशोधन संस्थेत आहे. २००८ साली जर्मनीत गणित वर्ष साजरं झालं, तेव्हा गणिताचं फिरतं प्रदर्शन म्हणून हे काम सुरू झालं. प्रदर्शन गावोगावी न्यायचं, वस्तू लोकांच्या हाती द्यायच्या आणि प्रोग्रॅम सगळ्यांना खुले ठेवायचे, ही त्यांची रीत. यातले काही खेळ ब्राउझरवरही खेळता येतात, तेव्हा जर्मनीचं तिकीट काढायची गरज नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. २००७ साली दिल्लीहून 'सायन्स एक्स्प्रेस' निघाली, ती जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेच्या सहकार्यानंच. फिरत्या प्रदर्शनाची एक अडचण असते. मागची रांग ढकलत असते, एका खेळापाशी दोन-चार मिनिटंच मिळतात. तेवढ्यात मावेल तेच सांगायचं. म्हणूनच काय निवडलं, याला इतकं महत्त्व.

आता दोन खेळ बघू. आमचं बोलणं या दोन खेळांपुरतंच आहे.

पहिला खेळ समुद्राचा. वर होडी, खाली न दिसणारा तळ, आणि सर्वांत खोल जागी खजिना. तुम्ही पाण्यात शोधक सोडता. तो टेकला तिथली खोली कळते आणि तळाचा उतार कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. मग उताराच्या दिशेनं सरकायचं. कधी एखाद्या लहान खड्ड्यालाच तळ समजून आपण अडकतो. यंत्र शिकतं म्हणजे नेमकं हेच करतं. आपली चूक किती, हे मोजायचं आणि ती कमी होईल त्या बाजूला थोडं थोडं सरकायचं. इथे जितकं खोल, तितकी चूक कमी. कॅल्क्युलसचं एक प्रकरण पाचवीतल्या मुलाच्या हातात दिलंय. याला दाद द्यायलाच हवी.

दुसरा खेळ अंकांचा. पडद्यावर बोटानं आकडा काढा, न्यूरल नेटवर्क तो ओळखतं. अशा नेटवर्कला शिकवायला जगभर सर्रास वापरला जाणारा संच म्हणजे 'एमनिस्ट'. हातानं लिहिलेल्या अंकांची ७०,००० चित्रं, प्रत्येक २८ बाय २८ ठिपक्यांचं. हे अंक लिहिले कोणी? अमेरिकेच्या जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी आणि तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी. म्हणजे यंत्राला 'अंक' माहीत नसतात. त्याला त्या लोकांचं वळण माहीत असतं.

अशा नेटवर्कसमोर मराठी एक काढून बघा. आपला १ हा इंग्रजी नवाच्या जवळचा आणि आपला ४ इंग्रजी आठाच्या. अंकच कशाला, गणपती काढा! नेटवर्कला उत्तरासाठी खोल्या दहाच दिल्या असतील, तर शून्य ते नऊमधलं काहीतरी त्याला सर्वांत जवळचं ठरणारच. 'हे मला माहीत नाही' अशी अकरावी खोली कोणी बांधली नसेल, तर ती आपोआप उगवत नाही.

आमचा आक्षेप इथे आहे. 'यंत्र कसं शिकतं' हे दोन्ही खेळ सुरेख सांगतात. काय शिकायचं हे कोणी ठरवलं, हा प्रश्न ते विचारत नाहीत. समुद्र आधीच तयार आहे, खजिना ठेवून झालाय. आपण फक्त खाली जायचं. पण चूक कशाला म्हणायचं, उत्तरं किती ठेवायची, उदाहरणं कोणाची घ्यायची, हे सगळं माणसांनी ठरवलेलं असतं. खेळून बाहेर पडणाऱ्याला मात्र वाटतं की समुद्राचा तळ जसा निसर्गानंच घडवला, तसंच हेही.

कोणी म्हणेल, अहो, हे गणिताचं प्रदर्शन आहे, तुम्ही त्यात राजकारण कशाला आणता? पण जर्मनीच्या शेजारी नेदरलँड्समध्ये काय झालं ते बघा. बालसंगोपन भत्त्यात फसवणूक शोधायला तिथल्या कर खात्यानं जोखीम ठरवणारी संगणकी पद्धत वापरली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यात एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला, पैसे परत करण्याच्या नोटिसा आल्या, घरं कर्जात बुडाली. प्रकरण इतकं पेटलं की जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. त्या पालकांना यंत्र उताराच्या दिशेनं कसं सरकतं, हे कळून काय उपयोग झाला असता? त्यांना विचारायचं होतं, आमचं नागरिकत्व या हिशेबात घातलं कोणी? हा प्रश्न सुचण्याची सवय लागते ती अशाच ठिकाणी, लहानपणी, खेळता खेळता.

बरं, उपायही प्रदर्शनाच्या रीतीतच आहे. प्रोग्रॅम खुले आहेत. आपल्या एखाद्या विज्ञान केंद्रानं किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेनं अंकांचा खेळ घ्यावा आणि मुलांकडून मराठी अंक लिहून घ्यावेत. प्रत्येक चित्राला नाव मुलांनीच द्यावं. लगेच भांडणं होतील. ५, ८ आणि ९ आपल्याकडे एकाहून जास्त वळणांनी लिहितात. आजीच्या वळणाचा नऊ धरायचा की नाही? घाईत लिहिलेला अर्धवट सहा ठेवायचा की फेकायचा? अकरावी खोली हवी की नको? मुलांनी मतं मांडावीत, हात वर करून ठरवावं, आणि मगच यंत्राला शिकवायला बसवावं. हे भांडण व्हायला एक तास लागला तर लागू द्या, रांगेला थोडं थांबवू.