एक की एकेक? : संख्यापकांची व्याप्ती आणि अर्थनिर्णयाचा प्रश्न

'प्रत्येक विद्यार्थ्याने एक कविता वाचली' या वाक्यातील एकही शब्द अनेकार्थी नाही, तरीही त्याचे दोन अर्थ संभवतात. सर्वांनी वाचलेली कविता एकच असेल, किंवा ज्याची त्याची कविता निराळी असेल. श्लेषात संदिग्धता शब्दाच्या ठायी असते. येथे मात्र 'प्रत्येक' आणि 'एक' या दोन संख्यापकांपैकी कोणाची व्याप्ती मोठी मानावी, या प्रश्नातून ती उद्भवते. विल्यम एम्पसन यांनी १९३० मध्ये संदिग्धतेला काव्यार्थाच्या समृद्धीचे साधन मानले. संगणकीय भाषाविज्ञानाने ती दीर्घकाळ निवारण्याजोगी अडचण मानली. हा विरोध वाटतो तितका टोकाचा नाही, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिचर्ड माँटेग्यू यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा वाक्याच्या प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र रचनाप्रक्रिया कल्पिलेली आहे. जेरी हॉब्ज आणि स्टुअर्ट शीबर यांनी १९८७ मध्ये संभाव्य व्याप्तिक्रमांची यादी सिद्ध करणारी कार्यपद्धती मांडली. तीन संख्यापकांचे सहा क्रम संभवतात, पाचांचे १२०. परंतु एक संख्यापकयुक्त पद दुसऱ्याच्या पोटात असेल, तर सर्व क्रम ग्राह्य ठरत नाहीत. त्यांच्या एका उदाहरणात सहांपैकी पाचच टिकतात. तथापि, अर्थांची गणना करणे म्हणजे अर्थाची निवड करणे नव्हे. 'प्रत्येक खोलीत एक खिडकी आहे' आणि 'प्रत्येक खोलीतून एक डोंगर दिसतो' या वाक्यांत संख्यापकांचा क्रम एकच आहे. खिडक्या अनेक आणि डोंगर बहुधा एक, हे आपण व्याकरणावरून नव्हे, तर जगाच्या ज्ञानावरून ठरवतो.

म्हणूनच निर्णय लांबणीवर टाकणारी दृष्टी अधिक फलदायी ठरली. ॲन कोपस्टेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सविस्तर मांडलेल्या पद्धतीत वाक्याची एकच नोंद केली जाते आणि व्याप्तीचा प्रश्न तीत मोकळा ठेवला जातो. कविता न वाचलेला कोणी विद्यार्थी उरला का, असे विचारल्यास संदिग्धता न सोडवताही उत्तर देता येते. कारण दोन्ही अर्थांनी कोणीही उरत नाही. किती कवितांच्या प्रती काढाव्यात, असे विचारताच मात्र निर्णय अटळ होतो. अनेकार्थी कविता वाचताना जाणता वाचक जो संयम पाळतो, त्याच्याशी या पद्धतीचे नाते आहे.

या संयमाची मर्यादा भाषांतरात प्रकट होते. मराठीत 'एकेक' हे द्विरुक्त रूप उपलब्ध आहे. 'प्रत्येकाने एकेक कविता वाचली' असे म्हणताच वाटणीचा अर्थ निश्चित होतो. 'एक कविता प्रत्येक विद्यार्थ्याने वाचली' या क्रमात कल एकाच कवितेकडे झुकतो. अशी द्विरुक्ती नसलेल्या इंग्रजीतून मराठीत येताना भाषांतरकाराला संदिग्धता राखावी की मिटवावी, हे ठरवावे लागते. आजच्या यांत्रिक भाषांतरप्रणाली सामान्यतः एकच वाक्य पुढे ठेवतात. तेथे निवड झाली आहे, याचीही खूण वाचकाला मिळत नाही. 'प्रत्येक गटासाठी एक परीक्षक नेमावा' अशा नियमात ही मूक निवड केवळ शैलीची बाब राहत नाही.

या संदर्भात मीमांसकांचा ग्रहैकत्वन्याय उद्बोधक आहे. सोमपात्र पुसण्याच्या विधीत एकवचन असले, तरी सर्व पात्रे पुसावीत, असा निर्णय मीमांसक देतात. कारण पात्र हे उद्देश्य आहे आणि उद्देश्याची संख्या अविवक्षित असते. पशुयागातील पशू मात्र विधेय साधन असल्याने त्याचे एकत्व विवक्षित ठरते. हा प्रश्न आधुनिक व्याप्तिविचाराशी तंतोतंत जुळत नाही. तेथे चर्चा वचनाची आहे, दोन संख्यापकांच्या परस्परसंबंधाची नाही. परंतु तेथे निर्णयासोबत त्याचे कारण येते आणि ते खोडून काढण्याची मुभा प्रतिपक्षाला असते.

यंत्राकडून केवळ अचूक अर्थाची अपेक्षा करणे त्यामुळे अपुरे आहे. अर्थ कोठे मोकळा होता, कोणत्या आधारावर तो बंद केला आणि कोणता पर्याय सोडून दिला, हे दाखवणारे भाषांतरच चिकित्सेला पात्र होईल. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने मानवी भाषांतराकडून ही अपेक्षा सातत्याने केली आहे. यांत्रिक भाषांतराला तीतून सूट देण्याचे कारण नाही.