मवाबी सून : रूथच्या पुस्तकाचे एक वाचन

जुन्या करारातील रूथचे पुस्तक अवघ्या ४ अध्यायांचे आहे. आपल्याकडे ते बहुधा आदर्श सुनेची कथा म्हणून सांगितले जाते. हे वाचन खोटे नाही, पण अपुरे आहे. सासू-सुनेच्या मायेआड या कथेतला कठीण प्रश्न झाकला जातो : नात्याच्या आधाराने शेजारच्या देशात आलेल्या माणसाला तो देश ‘आपले’ केव्हा म्हणतो?

बेथलेहेम म्हणजे ‘भाकरीचे घर’. त्याच घरात दुष्काळ पडतो आणि अलीमलेख, त्याची पत्नी नामी व दोन मुलगे मृत समुद्रापलीकडच्या मवाबात, म्हणजे आजच्या जॉर्डनच्या भूमीत, पोट भरायला जातात. मुलगे तिथल्याच मुलींशी लग्ने करतात. सुमारे १० वर्षांत घरातले तिन्ही पुरुष मरण पावतात. नामी मायदेशी निघते, तेव्हा रूथच्या हाती नात्याचा कोणता धागा उरलेला असतो? नवरा नाही, मूल नाही. आहे ती एक निराधार सासू, आणि तीही दोन्ही सुनांना माहेरी परतण्याचा सल्ला देते. अर्पा रडत परतते. लेखक तिला बोल लावत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. परतणे स्वाभाविक होते, म्हणूनच रूथच्या निर्णयाला वजन येते.

हे वजन नीट जोखायचे तर ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २३ वा अध्याय शेजारी ठेवावा लागतो. मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे तिथे बजावले आहे. एक कारणही दिले आहे : मिसरातून आलेल्या इस्राएल लोकांना वाटेत त्यांनी अन्नपाणी दिले नाही. रूथच्या पुस्तकाचा लेखक या नियमाशी वाद घालत नाही. तो फक्त गोष्ट सांगतो. बेथलेहेमचे भुकेले कुटुंब मवाबातच जगते. आणि पुढे बवाज आपल्या शेतात याच मवाबी स्त्रीला पाणी व भाकर देतो. अन्नपाण्याचा जुना हिशेब दोन्ही बाजूंनी असा मुकाट्याने फिटतो.

तरीही बिरुद सुटत नाही. बेथलेहेमात पोहोचल्यावरही कथा तिला पुनःपुन्हा ‘मवाबी रूथ’ म्हणते. ती स्वतःही बवाजापुढे स्वतःला परकी म्हणवते. तिला पहिला घास मिळतो तो नात्याने नव्हे. शेतातला सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा, या नियमशास्त्राच्या आज्ञेने तो मिळतो. बवाज आप्त आहे, हे तिला त्या दिवशीचा सरवा घेऊन घरी आल्यावर कळते. म्हणजे आधी न्याय, मग नाते. हा क्रम लेखकाने जाणून ठेवला असावा, असे मला वाटते.

वेशीवरचा प्रसंग तर फार बोलका आहे. बवाजाहून जवळचा एक आप्त जमीन सोडवून घ्यायला तयार असतो. पण जमिनीबरोबर मवाबी विधवाही येते हे कळताच तो मागे सरतो. त्याला स्वतःच्या वतनाची काळजी. लेखक त्याचे नावही नोंदवत नाही. बवाज मात्र १० वडीलधाऱ्यांसमक्ष, चारचौघांत, ते नाते स्वीकारतो. घरातल्या मायेला गावाची साक्ष मिळाल्यावाचून परकी सून गावकरी होत नाही.

या कथेत एक सल राहतेच. चौथ्या अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. ओबेद जन्मतो, तेव्हा शेजारणी नामीला मूल झाले म्हणतात. ही सून सात मुलांहून मोलाची, असे त्या म्हणतात खरे. पण तेही नामीलाच सांगतात. हा दोष मानावा का? मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. गाव परक्या बाईला पुष्कळदा तिच्या लेकरामार्फत स्वीकारतो.

सामान्य काळाच्या विसाव्या आठवड्यात, विषम वर्षी, शुक्रवार-शनिवारच्या मिस्सांत या पुस्तकातील वेचे वाचले जातात. त्यांत खळ्यावरची रात्र व वेशीवरचा निवाडा येत नाही; नामीशी केलेला निर्धार, सरवा, विवाह व बाळ येते. म्हणून घरी चारही अध्याय सलग वाचावेत, अशी वाचकांना विनंती आहे.

ओबेदचा नातू दावीद. शौल जिवावर उठला, तेव्हा दावीदने आपले आईवडील मवाबच्या राजाच्या आश्रयाला ठेवले, असे शमुवेलाचे पहिले पुस्तक सांगते. आणि मत्तयने येशूची वंशावळ लिहिताना रूथचे नाव वगळले नाही. आपल्या धर्मग्रामात बाहेरून आलेल्या सुनेला, पोटासाठी आलेल्या कुटुंबाला आपण किती वर्षे त्यांच्या मुलखाच्या नावाने ओळखतो, हा प्रश्न त्या वंशावळीतून आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो.