अक्षर कोणास म्हणावे? : संगणकीय अर्जांतील अक्षर-अंक तपासणीची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीय अर्जात भरलेला मजकूर केवळ अक्षरे व अंक यांचाच आहे की नाही, हे तपासण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनचा सर्रास वापर केला जातो. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात या संकल्पनेचा पाया घातला. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मजकूर शोधण्यासाठी तिची कार्यपद्धती मांडली. साधन सक्षम आहे. उणीव आहे ती 'अक्षर' या शब्दाच्या गृहीत व्याख्येत.

विवेचन :
प्रचलित नियम 'ए' ते 'झेड' ही लहान-मोठी रोमन अक्षरे आणि ० ते ९ हे आंतरराष्ट्रीय अंक एवढ्यांनाच मान्यता देतो. पॅन क्रमांकासाठी अशी मर्यादा योग्यच ठरते, कारण तेथे ५ अक्षरे, ४ अंक व शेवटी १ अक्षर अशी रचना निश्चित आहे. तोच नियम नावाच्या रकान्यास लावला की देवनागरीत लिहिलेले प्रत्येक नाव अवैध ठरते.

यावर युनिकोडमधील 'अक्षर' हा वर्ग वापरण्याचा उपाय सुचविला जातो. परंतु तोही अपुरा आहे. 'ज्ञानेश्वर' हे नाव १० संकेतांनी बनते. त्यांपैकी ६ अक्षरवर्गातील असून काना, मात्रा व दोन हलन्तचिन्हे हे उरलेले ४ संकेत 'चिन्ह' या स्वतंत्र वर्गात मोडतात. पायथन ३ च्या अंगभूत संचातील शब्दवर्णदर्शक संकेतही ही चिन्हे स्वीकारत नाही. म्हणून अक्षर, चिन्ह व अंक या तिन्ही वर्गांना अनुमती देणे आवश्यक ठरते. 'कऱ्हा' सारख्या शब्दातील अर्धा रकार काही वेळा अदृश्य जोडचिन्हाने लिहिला जातो. ते या तिन्ही वर्गांबाहेरचे असल्याने त्याचाही स्वतंत्र विचार करावा लागतो.

कठोर नियमाच्या समर्थनार्थ सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. तथापि, नियमाला आरंभ व अंत यांचे बंधन नसेल तर मजकुराचा एखादा तुकडा जुळताच संपूर्ण मजकूर ग्राह्य ठरू शकतो. केवळ ब्राउझरमधील तपासणी तर सहज टाळता येते. डेटाबेसच्या संरक्षणासाठी पॅरामीटरयुक्त क्वेरी हाच भक्कम उपाय होय. नाव नाकारणे हा त्याचा पर्याय नव्हे.

निष्कर्ष :
सांकेतिक क्रमांकांना काटेकोर आणि नावांना उदार नियम, असा विवेक अभ्यासक्रमातच रुजविला पाहिजे. अन्यथा यंत्राच्या सोयीसाठी माणसाने स्वतःचे नाव बदलावे, असा उफराटा न्याय रूढ होईल.