टाकलेली बाई आणि न वाचलेल्या खुणा

खुन्याच्या पूर्वायुष्याविषयी लिहू पाहणाऱ्या लेखकाला कथेचा शेवट आधीच ठाऊक असतो, आणि हीच त्याची मोठी अडचण ठरते. शेवट माहीत असला की मागचे सारे त्या शेवटाकडेच चालत आल्यासारखे दिसू लागते. बापाचे घर सोडून जाणे, आईचा संताप, शाळा सुटणे या हजारो घरांत घडणाऱ्या गोष्टी मग ‘लक्षणे’ होऊन बसतात. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांच्याविषयी गेली जवळजवळ तीस वर्षे जे लिहिले व दाखवले गेले, त्याचा विचार या अंगाने व्हावयास हवा असे मला वाटते.

प्रकरण आपल्या भागातले आहे. शिराळ्याच्या माणसाला कोल्हापूर परके नाही. बाजारहाट, दवाखाना, कोर्टकचेरी, अंबाबाईचे दर्शन यांसाठी त्याची पावले तिकडे वळतात. त्याच देवळाच्या गर्दीत एकदा सीमा चोरी करताना पकडली गेली, तेव्हा लोकांचे लक्ष उडावे म्हणून अंजनाबाईने कडेवरचे पळवून आणलेले मूल जमिनीवर आपटले. मूल रक्तबंबाळ झाले, गर्दी हळहळली आणि त्या बायका निसटल्या. ते मूल पुढे जिवंत राहिले नाही. 1990 ते 1996 या काळात या तिघींनी तेरा मुले पळवल्याचा आरोप होता. त्यांपैकी किमान पाच मुलांच्या खुनांबाबतची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.

या घटनांची जी कथा रूढ झाली, तिचे सूत्र ठरलेले आहे. अंजनाबाईला पहिल्या पुरुषाने टाकले. दुसऱ्या पतीनेही तिला सोडून दुसरा संसार थाटला. त्या जखमेतून सूड जन्मला आणि मुली त्या सुडाच्या वारस झाल्या. 2019 साली आलेल्या ‘पोशम पा’ या हिंदी चित्रपटाने नावे बदलून हीच कहाणी सांगितली. त्यातला अभिनय कमी प्रतीचा नाही, परंतु चित्रपटाची सारी मदार आईच्या क्रौर्यावर आहे. प्रेक्षक दचकतो, आणि असली आई आपल्या घरात नाही या समाधानात उठून जातो.

माझा पहिला आक्षेप येथे आहे. टाकलेली बाई ही या तालुक्याला नवी नाही. येथली पुरुषमंडळी गिरणीत भरती होण्यासाठी मुंबईला गेली, त्यांतल्या काहींनी तिकडेच दुसरे बिऱ्हाड केले, आणि इकडे त्यांच्या बायकांनी दुसऱ्याच्या रानात भांगलण करून पोरे वाढवली. मनीऑर्डर थांबली तरी त्यांनी चुलीवरचे भांडे उतरू दिले नाही. नवऱ्याने टाकणे हीच धोक्याची खूण मानावयाची, तर या साऱ्या आयाबायांवर आपण संशयाचे बोट ठेवतो. दुरावा हे दुःख आहे. त्याला गुन्ह्याचे बीज म्हणून टाकणे ही लेखनातली आळशी सवय होय.

खऱ्या खुणा दुसरीकडे होत्या आणि त्या चारचौघांत उघड्यावर होत्या. आई मुलींना हाताशी धरून पाकीटमारी शिकवीत होती. पुण्यात देवळाच्या गर्दीत चोरी करताना रेणुकाला लोकांनी धरले. तिच्या कडेवर तिचे स्वतःचे मूल होते. लेकुरवाळी बाई चोरी कशी करील, असे म्हणून लोकांनी तिला सोडून दिले. दुसऱ्यांची मुले पळवण्याची कल्पना त्यांना सुचली ती यातूनच. म्हणजे ती अंधाऱ्या बालपणातून उगवली नव्हती, भर दिवसा माणसांच्या भाबड्या दयेतून उगवली होती. ज्या मुलांना त्यांनी उचलले त्यांतली अनेक रस्त्यावर, देवळाच्या पायरीशी वाढणारी होती. त्यांचे नाहीसे होणे एका शहराच्या चौकीतून दुसऱ्या शहराच्या चौकीपर्यंत पोहोचले नाही. घरात रेणुकाचा पती होता. तोही या उद्योगात सामील होता आणि पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्याने इतकी वर्षे काय पाहिले आणि कसे पचवले, हा कादंबरीकाराने घ्यावा असा विषय आहे. माझ्या वाचनात तरी तो कोणी घेतलेला नाही.

तुलनेसाठी पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाकडे पाहावे. 1976-77 मधल्या त्या दहा खुनांतला एक आरोपी मुनव्वर शाह याने तुरुंगात आत्मकथन लिहिले. ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे त्याचे शीर्षक. 27 नोव्हेंबर 1983 रोजी त्याला आणि त्याच्या तीन साथीदारांना येरवड्यात फाशी झाली. त्या पुस्तकाच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद होतील, पण शीर्षकातच कर्ता ‘मी’ आहे. गावित प्रकरणात असा ‘मी’ नाही. अंजनाबाई 1997 मध्ये खटल्याआधीच कैदेत वारली, आणि मुलींचे बोलणे आपल्यापर्यंत आले ते वकील, पोलीस आणि पटकथाकार यांच्या तोंडून. त्यामुळे सारा भार मेलेल्या आईवर टाकणे सर्वांनाच सोयीचे झाले.

या कथेत खुणा वाचणारे एक माणूस मात्र होते, आणि ते याच दुभंगलेल्या कुटुंबातले. अंजनाबाईच्या दुसऱ्या पतीने नंतर केलेल्या बायकोची मुलगी सुडापोटी पळवून मारली गेली. त्या आईचा संशय ठाम होता. तिने तक्रारीचा पिच्छा सोडला नाही, आणि तिच्या दुसऱ्या मुलीवरही घाला येऊ घातला होता तेव्हा, 1996 मध्ये, नाशकात या टोळीला अटक झाली. एरवी ज्या सवतीला आपल्या कथांतून खलनायिकेचे काम मिळते, तिने येथे पोलिसांना दार दाखवले. तिच्या बाजूने ही कहाणी कोणी सांगितली असती, तर रहस्य आणि भयाऐवजी एका बाईचा सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्याचा प्रवास आपल्याला दिसला असता. कदाचित तो विकला गेला नसता.

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती कायम केली. दयेचा अर्ज 2014 मध्ये फेटाळला गेला, तोवर जवळजवळ आठ वर्षे सरली होती. याच विलंबाच्या कारणाने 18 जानेवारी 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. त्या निकालानंतर वृत्तपत्रांत पुन्हा एकदा रकाने भरले. त्यांतही टाकलेल्या अंजनाबाईची गोष्ट पहिल्या परिच्छेदात होती, आणि पळवलेल्या मुलांची फक्त संख्या.