दहाच्या आतील कामगार : कार्यस्थळ सुरक्षितता संहितेची सिंधुदुर्गच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला सिंधुदुर्ग हा मोठ्या कारखान्यांचा जिल्हा नव्हे. काजूप्रक्रिया, मासेमारी आणि तारकर्ली-देवबाग परिसरात वाढलेले जलपर्यटन हे येथील प्रमुख व्यवसाय असून त्यांतील मालक बहुधा लहान असतो. अनेकदा तो स्वतःही कामगारांबरोबर राबतो. देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या ‘व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०’ या कायद्यातील संख्येच्या अटीची अशा जिल्ह्याच्या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संख्येची अट

तेरा कायद्यांचे एकत्रीकरण करणाऱ्या या संहितेने मालकाची कर्तव्ये सुस्पष्ट शब्दांत मांडली आहेत, हे मान्य करावे लागेल. कामाची जागा धोकामुक्त ठेवणे, नियुक्तिपत्र देणे, विहित कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी विनामूल्य करणे ही त्यांपैकी काही होत. परंतु ‘आस्थापना’ या संज्ञेच्या व्याख्येतच सर्वसाधारणपणे दहा कामगारांची अट आहे. कारखान्याची मर्यादाही वाढली आहे. १९४८ च्या केंद्रीय कारखाने अधिनियमात ती विजेच्या वापरासह १० व विजेविना २० होती; संहितेत ती अनुक्रमे २० व ४० झाली. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्याचा प्रवासही याच दिशेने झालेला दिसतो. २०१७ च्या अधिनियमाने तेथे १० ची मर्यादा आणली आणि २०२५ च्या दुरुस्तीने ती २० वर नेली.

या अटीमागे मालक लहान म्हणजे धोकाही लहान असे गृहीतक आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही. काजूच्या टरफलातील तेल दाहक असते. ते लागल्याने बी फोडणाऱ्या स्त्रियांच्या हातांची कातडी भाजते. केंद्रात नऊ स्त्रिया आहेत की नव्वद, यावर त्या तेलाचा दाहकपणा ठरत नाही. हंगामानुसार कामगारसंख्या कमीअधिक होत असेल, तर एकच केंद्र वर्षातून काही महिने कायद्याच्या आत आणि उरलेले महिने बाहेर, अशी विसंगतीही संभवते. मे २०२२ मध्ये तारकर्ली येथे बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. पर्यटक त्या पाण्यात एकदा उतरतो. बोटीवरचा मदतनीस मात्र रोज उतरतो. मालकाकडे चारच माणसे असली, तरी त्याच्या जिवाचा धोका कमी होत नाही.

जिवाला धोका असलेल्या कामांसाठी संख्येची अट शिथिल करण्याची तरतूद संहितेत आहे. तथापि ती केंद्र शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून असल्याने संरक्षण हा नियम न राहता अपवाद ठरतो. याउलट, अपघातानंतर नुकसानभरपाई देण्याचे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेले दायित्व सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम असून त्यास दहाची सर्वसाधारण अट नाही. म्हणजे बोट तुटल्यावर मालक जबाबदार आहे. ते तुटू नये म्हणून काळजी घेण्यास मात्र तो या संहितेने बांधलेला नाही.

कर्तव्य आणि भार

लहान मालकाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. नोंदवह्या, विवरणपत्रे व तपासणी यांचा बोजा त्याला पेलणारा नाही, हा युक्तिवाद खरा आहे. पण कागदपत्रांचा भार कमी करणे आणि सुरक्षिततेचे कर्तव्य काढून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटनमधील १९७४ च्या कायद्याने हा फरक ओळखला आहे. तेथे सुरक्षिततेचे कर्तव्य प्रत्येक मालकावर असते. केवळ लेखी धोरण ठेवण्यातून पाचपेक्षा कमी कामगार असणाऱ्यांना सूट आहे.

त्यासाठी परदेशाकडेच पाहण्याचे कारण नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमात दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणच्या स्त्रीला मात्र कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाही. तिच्यासाठी जिल्हास्तरीय स्थानिक समितीची तरतूद केली आहे. अंमलबजावणीच्या अडचणी असल्या तरी येथील तत्त्व महत्त्वाचे आहे. मालकाला यंत्रणा उभारणे शक्य नसेल, तेथे ती शासनाने उभारावी. कामगाराचा हक्क मात्र अबाधित राहावा. सुरक्षितता संहितेत नेमका याच विचाराचा अभाव आहे.

समारोप

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिस्थितीचा समावेश मूलभूत तत्त्वे व हक्कांत केला. मूलभूत हक्काला पटसंख्येची अट असू शकत नाही. म्हणून सुरक्षिततेचे किमान कर्तव्य एक कामगार असलेल्या मालकालाही लागू करावे, त्याला विवरणपत्रांतून सूट द्यावी आणि हातमोजे, जीवरक्षक जाकिटे, प्रशिक्षण व वैद्यकीय तपासणी यांसाठी जिल्हास्तरावर सामायिक व्यवस्था करावी, हा मार्ग व्यवहार्य वाटतो. संहितेतील निरीक्षकाला ‘सुलभकर्ता’ असेही नाव दिले आहे. लहान मालकाच्या दारात तो सल्लागार म्हणून पोहोचला, तरच त्या नावाला अर्थ प्राप्त होईल.