पदकाची दुसरी बाजू

कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच घालणाऱ्यांकडे प्रभू येशूने नाणे मागितले आणि त्यावरील चेहऱ्याविषयी त्यांनाच विचारले. राजाचे चित्र जिथवर चालते तिथवर त्याची सत्ता, हा नाण्याचा धर्म. पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार पिसानेल्लो याने नाण्याचाच आकार घेऊन एक निराळी गोष्ट सांगितली.

पूर्व व पश्चिम ख्रिस्तसभांच्या ऐक्यासाठी १४३८ साली फेरारा येथे धर्मपरिषद भरली. तिला कॉन्स्टॅन्टिनोपलहून सम्राट आठवा जॉन पॅलिओलोगस आला. पिसानेल्लोने त्याचे सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे पदक घडविले. प्रबोधनकाळातील व्यक्तिचित्रपदकांचा आरंभ सामान्यतः या कृतीपासून मानतात. ते ठशाने पाडलेले नसून साच्यात ओतलेले आहे. त्याने बाजारात काही विकत घेता येत नाही. ते केवळ पाहण्यासाठी व स्मरणासाठी आहे.

पुढील बाजूस उंच टोपी घातलेल्या, निमुळत्या दाढीच्या सम्राटाची एकांगी मुद्रा आहे. भोवती ग्रीक अक्षरांत 'रोमनांचा राजा व सम्राट' ही पदवी मिरवते. प्रत्यक्षात ते साम्राज्य तेव्हा राजधानी व ग्रीसमधील काही प्रदेश एवढेच उरले होते. सातव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जस्टिनियनने नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताची मुद्रा आणून स्वतः मागील बाजू पत्करली होती. पिसानेल्लो मात्र प्राचीन कैसरांप्रमाणे राजालाच पुढे ठेवतो. हे औद्धत्य वाटेल; पण पदक उलटून पाहावे.

मागील बाजूस खडकाळ मुलूख आहे. घोड्यावरील सम्राट वाटेवरच्या क्रूसापुढे हात जोडून थांबला आहे. सिंहासन नाही, दरबार नाही. सोबतचा सेवकही आपल्याकडे पाठ करून आहे. तुर्कांविरुद्ध मदत मिळविण्यास आलेल्या राजाची ही प्रार्थना राजकारणापासून वेगळी कशी काढावी, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. परंतु कलावंताने विजयाचे आश्वासन कोरलेले नाही, याचक तेवढा दाखविला आहे. कृतीचे मोठेपण या संयमात आहे.

६ जुलै १४३९ रोजी फ्लॉरेन्स येथे ऐक्य जाहीर झाले. सम्राटाच्या प्रजेने ते मनापासून स्वीकारले नाही. १४५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल पडले. पुढील बाजूवरची पदवी निरर्थक झाली. मागील बाजूवरचा क्रूसापुढे थांबलेला माणूस मात्र आजही आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण गरजेच्या वेळी आपणही असेच हात जोडतो. राजचित्राकडून याहून अधिक काय मागावे?