तालिकेतले शब्द आणि हरवलेली माणसे

अमेरिकेतील कॉलेजांत 'एथ्निक स्टडीज' नावाचा जो विषय शिकवला जातो, तो कुणा कुलगुरूच्या कल्पनेतून आलेला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ रोजी सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप पुढल्या मार्चपर्यंत चालला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई आणि मूलनिवासी मुलांनी एकत्र येऊन केलेल्या त्या लढ्यातून हा विभाग उभा राहिला. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून आपल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवीसाठी या विषयाचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला. तेव्हा आता दरवर्षी हजारो मुले या विषयावरचा निबंध लिहिण्यासाठी ग्रंथालयाची पायरी चढतात.

तिथे त्यांना काय शिकवले जाते, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. जे काही शिकलो ते ग्रंथपालांना विचारून आणि तालिका चाळून. म्हणूनच परदेशी ग्रंथालये विद्यार्थ्यांसाठी जी मार्गदर्शक टिपणे काढतात, ती मी आवडीने वाचत आलो आहे. त्यांचा साचा बहुतेक ठरलेला असतो: विषय निवडा, कळीचे शब्द काढा, डेटाबेसमध्ये टाका, तज्ज्ञांनी तपासलेलेच लेख घ्या, संदर्भ नीट लिहा. यात चुकीचे काही नाही. माझी हरकत वेगळी आहे. ही टिपणे तालिकेला तराजूसारखी निःपक्षपाती वस्तू मानतात. तालिका माणसांनी केलेली असते, आणि ज्यांच्याविषयी ती केली ती माणसे करणाऱ्यांत बहुधा नसतात.

एक उदाहरण आपल्याच लोकांचे घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत राबणारे भारतीय बहुसंख्येने पंजाबी शीख होते. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात जमावाने त्यांना मारहाण करून हुसकावून लावले. आजचा विद्यार्थी जुन्या वृत्तपत्रांत 'शीख' किंवा 'भारतीय' हे शब्द घालून हा प्रसंग शोधू लागला, तर त्याच्या हाती फारच थोडे लागेल. तेव्हाची पत्रे त्या सर्वांना 'हिंदू' म्हणत, तेही दोन-तीन प्रकारच्या स्पेलिंगांत. १९२० ते १९४० च्या तिन्ही जनगणनांत 'हिंदू' हा वंशाचा रकाना होता. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारलेले भगतसिंग थिंड शीख होते, पण खटल्याच्या कागदांत ते 'हिंदू'च आहेत. म्हणजे कोणता शब्द कोणत्या वर्षी कुणी कुणासाठी वापरला, हे ठाऊक असल्याशिवाय शोधाला सुरुवातच होत नाही. हे शब्दांचे ज्ञान म्हणजेच इतिहासाचे ज्ञान. ते तंत्राच्या खात्यात टाकून चालत नाही.

नावांचेही तसेच. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. तिथल्या कागदपत्रांत त्यांच्या आडनावाचे स्पेलिंग आपण आज करतो तसे नाही, शेवटी दोन 'ई' आहेत. १८८८ साली कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातही तेच. हे ठाऊक नसलेल्या माणसाला तालिका 'काही सापडले नाही' असे सांगते, आणि तो 'काही नाहीच' असे समजून परत फिरतो.

वर्गीकरणाचा घाव याहून खोल असतो. ड्यूई पद्धतीत ३२६ हा क्रमांक गुलामगिरीचा आणि ३२५ हा वसाहतींचा व स्थलांतराचा. कृष्णवर्णीय लेखकाने काहीही लिहिले, अगदी कविता लिहिल्या, तरी अनेक ग्रंथालये ते पुस्तक या दोहोंपैकी एका फळीवर ठेवत. हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांनी १९३० पासून चार दशकांहून अधिक काळ काम करताना हे मोडून काढले. कविता कवितेच्या जागी गेली, वैद्यक वैद्यकाच्या. १९७० च्या दशकात बर्कलीच्या चिकानो ग्रंथालयाने तर स्वतःचा शब्दसंग्रहच तयार केला, कारण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत त्यांचे जगणे मावत नव्हते. त्याच लायब्ररीच्या यादीतील 'बेकायदा परकीय' हे शीर्षक बदलावे, अशी मागणी डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केली. २०१६ मध्ये बदल जाहीर झाला, लोकप्रतिनिधींनी त्याला विरोध केला, आणि प्रत्यक्ष बदल व्हायला २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. एका विषयशीर्षकासाठी सात वर्षे लागली.

यावर कुणी म्हणेल की, आता सारा मजकूरच शोधता येतो, मग शीर्षके हवीत कशाला? पण मजकुराचा शोध छापलेला शब्दच आणून देतो, आणि छापणारा मघाशी म्हटल्याप्रमाणे 'हिंदू' लिहून मोकळा झालेला असतो. शिवाय जे छापलेच गेले नाही ते या शोधात येतच नाही. 'तज्ज्ञांनी तपासलेले'च वाचा, हा सल्लाही इथेच तोकडा पडतो. ज्या समाजांना विद्यापीठात शिरायला संप करावा लागला, त्यांची साक्ष पत्रके, घरगुती छायाचित्रे, मौखिक आठवणी आणि पत्रव्यवहार यांत असते.

पत्रांविषयी एक साधा नियम मी नेहमी सांगतो: पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिले त्याच्याकडे राहते. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयात ड्यू बॉइस यांच्या कागदांत आहे, आणि आज तो घरबसल्या वाचता येतो. दलितांचा इतिहास केवळ दक्षिण आशियाच्या फळीवर शोधणाऱ्याला तो दिसणार नाही. दोन समाजांनी एकमेकांकडे कसे पाहिले, हे तालिकेच्या दोन कप्प्यांच्या मध्ये पडलेले असते, आणि तिथे हात घालायला शिकवणे हेच खरे ग्रंथालय-शिक्षण होय.

हा प्रश्न दूरच्या देशाचाच आहे असे नाही. १८७१ च्या कायद्याने आपल्याकडच्या कितीतरी जमातींवर 'गुन्हेगार' हा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, जुन्या दप्तरांवरचा शिक्का राहिला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये ज्याचे आजोबा वाढले, असा विद्यार्थी आज त्यांचा माग काढू लागला तर त्याला प्रथम तो अपमानाचा शब्दच टंकावा लागतो. हे त्याला कुणीतरी आधी, सन्मानाने सांगायला हवे. आणि हेही सांगायला हवे की जुन्या नोंदीवरचा तो शब्द पुरावा म्हणून जपावा, पण तिच्याशेजारी त्या लोकांचे स्वतःचे नाव लिहिण्याची मागणी करण्याचा हक्क त्यालाही आहे.